मिक्सरचं एकच चॅनल दबतं, फाटतं, गप्प होतं: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लक्षणं

मिक्सर चालू आहे, बाकीचे माईक नीट वाजतायत, त्रास फक्त एका चॅनलला आहे. छोट्या मिक्सरवर हा दोष पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी वेगळा दिसतो. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

– चॅनलमधून आवाजच येत नाही.
– आवाज येतो, पण बारीक आणि पातळ. फेडर (चॅनलच्या तळाची सरकती कळ) पार वर नेला तरी पुरत नाही, उलट शीऽऽ असा आवाज वाढतो.
– मोठ्याने म्हटलं की आवाज फाटतो. फेडर खाली घेतला की लहान होतो, पण फाटलेलाच राहतो.
– मधेच जातो. केबल हलवली किंवा मिक्सरवर थाप मारली की परत येतो.
– नॉब किंवा फेडर हलवला की खरखर होते.
– बारीक घुंऽऽ सतत चालू राहते.
– मोबाईलवरचं गाणं लावलं की ढोलकी, पेटी ऐकू येते आणि गाणाऱ्याचा आवाज गायब.

एक लक्षण या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. माईकला ओठ किंवा हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर खालचं काहीही तपासू नका. मेन स्विच बंद करा, माईक खाली ठेवायला सांगा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

धुळे, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात सप्ताह, लग्नं, आखाजी (अक्षय तृतीया), कानबाई अशा कार्यक्रमांना लागणारे मिक्सर माझ्याकडे येतात, किंवा मी त्यांच्याकडे जातो. त्यावरून सांगतो: "मिक्सर जळाला" म्हणून जे आणतात त्यात आतून खरंच काही जळालेलं क्वचितच असतं. बहुतेक वेळा एखादं बटण, गेन, केबल किंवा पिन यातच दोष निघतो. म्हणून पुढचा क्रम फुकट आणि सोप्या गोष्टीपासून सुरू होतो. तो मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तोच दोष पुन्हा उभा राहतो.

आधी नुसतं बघा

हात लावण्याआधी त्या चॅनलची पट्टी वरून खालपर्यंत वाचा. सिग्नल साधारण त्याच क्रमाने जातो: वर इनपुट, मग गेन, मग बेस-मिड-ट्रेबल, मग ऑक्स (मॉनिटरला जाणारा आवाज) आणि इको, मग पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), शेवटी म्यूट आणि फेडर.

माईक वायरलेस असेल तर पहिली तपासणी सेलची. सेल उतरला की आवाज आधी तुटक होतो, मग जातो, आणि सगळे मिक्सरकडे बघू लागतात. माईकवरचं ऑन-ऑफ बटणही बघून घ्या. बोलताना बोट लागून ते सरकतं.

म्यूटचं बटण प्रत्येक मिक्सरवर सारखं नसतं. काहींवर दाबलं की चॅनल बंद होतं. काहींवर उलट आहे: बटण दाबून दिवा लागला तरच चॅनल चालू. काहींवर म्यूटसोबतच 'ऑल्ट 3-4' लिहिलेलं असतं. तिथे बटण दाबलं की आवाज मेनमधून निघून दुसऱ्या आउटपुटला जातो, तिथे काही जोडलेलं नसतं, म्हणून शांतता. फेडरजवळ 'एल-आर', 'एसटी' किंवा '1-2' अशी बटणं असतील तर चॅनल मेनला जोडलेलं आहे का ते बघा.

पॅनचा नॉब मात्र नीट बघा. देवळात आणि शाळेत बऱ्याचदा मिक्सरचं फक्त डावं आउटपुट ॲम्प्लिफायरला गेलेलं असतं. कोणीतरी पुसताना पॅन उजवीकडे फिरवलेला असतो. चॅनलचा दिवा लुकलुकतो, मीटरची उजवी बाजू हलते, पण कर्ण्यातून काही येत नाही. पॅन बारा वाजताच्या जागेवर आणा. एकच आउटपुट वापरत असाल तर सगळ्या माईकचे पॅन मधेच असले पाहिजेत.

'पीएफएल' किंवा 'सोलो' बटण दाबलेलं राहिलं तर हेडफोनमध्ये तेवढंच चॅनल ऐकू येतं आणि बाकीचे मेल्यासारखे वाटतात. माणूस घाबरतो, पण बाहेर सगळं ठीक असतं. तसंच एकाच चॅनलच्या माईकच्या सॉकेटमध्ये माईक आणि लाइनच्या सॉकेटमध्ये दुसरं काही, असं दोन्ही लावू नका. बहुतेक छोट्या मिक्सरवर ते एका वेळी एकच वापरायचं असतं.

कंडेन्सर माईक असेल तर त्याला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरकडून केबलवाटे मिळणारी वीज, लागतो. तो बंद असेल तर माईक पूर्ण गप्प बसतो. साध्या डायनॅमिक माईकला फँटम लागत नाही. फँटमचं बटण दाबण्याआधी मेन फेडर खाली घ्या, नाहीतर स्पीकरला धडाका बसतो. चालू केल्यावर थोडं थांबून मग फेडर वर घ्या.

गेन

फाटणारा आवाज आणि बारीक आवाज, या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं, म्हणून इथे वेळ घालवा.

माईकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरच्या आत काम करण्यासाठी तो साधारण एक व्होल्टच्या आसपास न्यावा लागतो. ते काम गेन करतो. 60 डीबी गेन म्हणजे सिग्नल हजार पट. फेडर त्यानंतर येतो आणि आधीच वाढवलेल्या आवाजातला किती पुढे सोडायचा तेवढं ठरवतो. ठिबकवर शेती करणाऱ्याला हे लगेच कळतं: विहिरीवरचा व्हॉल्व्ह जास्त उघडून नळी आधीच फाटली, तर शेतातला कॉक बंद करून उपयोग नाही. आवाज गेनपाशी फाटला असेल तर फेडर कितीही खाली घ्या, तो फाटलेलाच खाली येईल. आणि गेन फार कमी ठेवला तर ती कसर फेडर, मेन आणि ॲम्प्लिफायरने भरून काढावी लागते. त्यांच्याबरोबर शीऽऽ सुद्धा वाढते.

गेन लावायची पद्धत अशी. चॅनलचा फेडर खाली. गेन पूर्ण डावीकडे. बेस-मिड-ट्रेबल तिन्ही मधोमध. 'पीएफएल' दाबा. आता त्या माणसाला कार्यक्रमात जसं म्हणणार तसंच म्हणायला सांगा. "हॅलो, माईक टेस्टिंग" उपयोगाचं नाही. ज्या आवाजात माणूस हॅलो म्हणतो, त्याच्या कितीतरी पट आवाजात तो गजर म्हणतो. कीर्तनकारांना विनंती करा, "महाराज, एक गजर मोठ्याने म्हणून दाखवा." भजनी मंडळाला चाल चढवून एक अभंग म्हणायला सांगा. पखवाजवाल्याला नुसती टिचकी नको, तिहाई वाजवायला सांगा. मग गेन हळूहळू वाढवा. मीटर शून्याच्या आसपास आला पाहिजे. लाल 'पीक' दिवा लुकलुकला की थोडं मागे या, सगळ्यात मोठ्या आवाजालाही तो लागू नये इतकं. हा दिवा प्रत्यक्ष फाटण्याच्या थोडं आधी लागतो, म्हणून क्वचित एखाद्या वेळी लागला तर घाबरू नका. सतत लागत असेल तर गेन कमी करायलाच हवा.

मग 'पीएफएल' सोडा आणि फेडर हळूहळू शून्याच्या खुणेवर न्या. काही मिक्सरवर तिथे 'यू' लिहिलेलं असतं, काहींवर जाड रेघ असते. फेडरची ती जागा कामाची आहे. तिथे बोटभर सरकवलं तर आवाज हळुवार बदलतो. पार खाली मात्र जरा हललं की आवाज एकदम उडी मारतो, आणि चालू कार्यक्रमात तो सांभाळता येत नाही. सगळे फेडर शून्यावर नेल्यावर मंडपात आवाज फार मोठा होत असेल, तर ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम कमी करा. सगळे फेडर तळाशी ओढून ठेवू नका.

ज्या मिक्सरवर 'पीएफएल' नाही तिथे मेन खाली ठेवून नुसत्या 'पीक' दिव्याकडे बघत गेन लावा.

एकदा गेन लागला की कार्यक्रम चालू असताना त्याला हात लावू नका. गेन हलवला की फक्त बाहेरचा आवाज बदलत नाही. मॉनिटरला जाणारा ऑक्स, इको, सगळं सोबत बदलतं, आणि गायकासमोरचा मॉनिटर शिट्टी मारायला लागतो. कमी-जास्त करायचं ते फेडरने.

गेन बरोबर लावूनही चॅनल फाटत असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, बेस किंवा ट्रेबल पूर्ण उजवीकडे आहे का. तो नॉब साधारण 15 डीबी वाढवतो, म्हणजे तेवढा भाग पाच पटींहून जास्त मोठा होतो. भाषणाच्या आणि कीर्तनाच्या माईकला बेस वाढवायची गरज नसते. उलट 80 किंवा 100 हर्ट्झचं लो-कट बटण दाबून ठेवा, माईकवर येणारा फुंकरीचा भक्कभक्क आवाज कमी होतो. पखवाज, ढोल, संबळ यांना मात्र लो-कट नको. दुसरी, वायरलेसच्या रिसीव्हरचं आउटपुट लाइनच्या पातळीवर (माईकपेक्षा बरंच मोठं) आहे आणि तुम्ही ते माईकच्या सॉकेटमध्ये दिलंय का. तसं असेल तर गेन पूर्ण बंद केला तरी फाटतं. रिसीव्हरचा व्हॉल्यूम कमी करा, त्यावर माईक-लाइनचं बटण असेल तर ते बदला, किंवा मिक्सरवर 'पॅड' (सिग्नल लहान करणारं बटण) असेल तर दाबा. तिसरी, ॲम्प्लिफायर स्वतःच फाटतोय का. सगळी चॅनलं फाटत असतील तर दोष या चॅनलचा नाहीच.

जागा बदलून बघा

अजून पैसा लागलेला नाही, आणि दोष कुठे आहे हे सांगणारी सगळ्यात खात्रीची तपासणी हीच आहे.

लोकांचा फोन येतो, "भाऊ, मिक्सर बिघडी गया, आवाज येस नही." माझा पहिला प्रश्न असतो, दुसऱ्या चॅनलवर लावून पाहिलं का? मेन फेडर खाली घ्या. त्रास देणारा माईक त्याच्या केबलसकट काढा आणि जे चॅनल नक्की चालतंय त्यात लावा. तिथला गेन आणि फेडर नीट ठेवा. तिथेही तोच त्रास आला तर मिक्सर निर्दोष, दोष माईक किंवा केबलमध्ये. तिथे आवाज व्यवस्थित आला तर दोष पहिल्या चॅनलमध्ये. आता उलटं करा: चालणारा माईक संशयित चॅनलला लावा. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं की मग पुढे जा.

दोष माईक-केबलसोबत गेला असेल, तर आता माईक तोच ठेवून फक्त केबल बदला. बहुतेकदा इथेच उत्तर मिळतं.

केबल आणि पिन

मंडपातल्या केबलवरून खुर्च्या सरकतात, ट्रॅक्टरची ट्रॉली जाते, पोरं उड्या मारतात. तार मधे क्वचित तुटते. ती तुटते पिनच्या तोंडाशी, जिथे रोज वाकते. मेनचा आवाज अगदी कमी ठेवून केबलच्या दोन्ही टोकांना बोटभर अंतरावर धरून हळू वाकवा. जिथे वाकवल्यावर आवाज येतो-जातो, तिथेच तुटलं आहे.

कॅनन (एक्सएलआर) पिनमध्ये तीन तारा असतात. 1 नंबर शील्ड, 2 आणि 3 वर आवाज. 2 किंवा 3 सुटली की आवाज पातळ, बेस नसलेला आणि फार बारीक होतो, आणि माणूस गेन वाढवत बसतो. 1 सुटली की घुंऽऽ येते, केबलला हात लावला की आवाज बदलतो, आणि फँटमवर चालणारा माईक बंद पडतो. इतक्या माहितीवर पिन उघडण्याआधीच कुठे बघायचं ते कळतं.

केबल दोन्हीकडून काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा. एका टोकाची 1 दुसऱ्या टोकाच्या 1 ला, 2 ला 2, 3 ला 3. आणि 1-2, 2-3, 1-3 हे आपसात जुळलेले नसावेत. साधा मल्टिमीटर महाग नसतो. ज्या मंडळाकडे मिक्सर आहे त्यांच्याकडे तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

पिन पुन्हा सोल्डर करताना 2 आणि 3 उलट झाल्या तर तो माईक एकटा व्यवस्थित वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण पेटीवर दोन माईक लावले आणि त्यातला एक उलटा असला की पेटीचा खर्ज गायब होतो. दोन माईक शेजारी धरून दोन्ही सारख्या आवाजात ठेवा आणि मधे बोला. दोन्ही चालू केल्यावर आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला, तर एका केबलच्या तारा उलट्या आहेत.

मोबाईलचं गाणं, गायकाचा आवाज गायब

हा दोष वाटतो मिक्सरचा, असतो पिनचा. मोबाईलची बारीक ईपी पिन (3.5 मिमी) आणि दुसऱ्या टोकाला एकच स्टिरिओ पी-38 (जाड, पाव इंची पिन), अशी केबल लोक एका चॅनलच्या लाइन इनपुटला लावतात. ते इनपुट बॅलन्स्ड असतं. टोकावर आलेला डावा आवाज आणि कड्यावर आलेला उजवा आवाज यांच्यातला फरक तेवढा ते पुढे पाठवतं. गाण्यात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून फरकात तो शून्य होतो. उरतात ते आजूबाजूची वाद्यं आणि इको.

बारीक पिनपासून दोन मोनो पी-38 निघतात अशी केबल घ्या. त्या स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या सॉकेटला लावा, किंवा दोन साध्या चॅनलांना लावून एकाचा पॅन डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे करा. एकच आउटपुट वापरत असाल तर दोन्ही पॅन मधे. मोबाईलचा आवाज बराच वर ठेवा आणि गेन कमी.

इन्सर्टचं सॉकेट

दोष चॅनलमध्येच आहे हे ठरलं, आवाज मधेच जातो, थाप मारली की येतो. आता मिक्सरच्या मागे किंवा वरच्या बाजूला 'इन्सर्ट' लिहिलेलं सॉकेट आहे का बघा. तिथे सहसा कोणी काही लावत नाही, आणि दोष तिथेच होतो. त्या सॉकेटच्या आत एक पत्ती असते. काही लावलेलं नसताना चॅनलचा सगळा आवाज त्या पत्तीवरून जातो. वापर नसल्याने, धुळीने, श्रावणातल्या दमट हवेने तिच्यावर थर चढतो आणि आवाज तिथे अडतो.

मेन खाली घ्या आणि त्या सॉकेटमध्ये पी-38 पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. आवाज परत आला तर दोष सापडला. मिक्सर बंद करून पिनवर थोडासा कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन हेच पुन्हा करा. दोन-चार महिन्यांनी तो थर परत चढेल, तेव्हा परत करा. त्याच रात्री कार्यक्रम आहे आणि ते जमत नसेल, तर एका स्टिरिओ पी-38 पिनचं टोक आणि कडं आतून जोडून ती पिन इन्सर्टमध्ये लावून ठेवा. पत्तीला वळसा घालून आवाज पुढे जातो.

धूळ

आपल्याकडे मिक्सरच्या फेडरमध्ये फक्त धूळ जात नाही. देवळात बुक्का, गुलाल आणि अगरबत्तीची राख जाते. कापसाच्या दिवसांत रुईचे तंतू जातात आणि फेडरच्या फटीत गोळा होऊन बसतात. खरखर बहुतेक त्याचीच.

मिक्सर बंद करा, ॲडॅप्टर भिंतीतून काढा. मऊ ब्रशने फटी साफ करा, हवेचा पंप असेल तर लांबून फुंका. त्यानंतरही खरखर असेल तर इलेक्ट्रॉनिक कामाचाच कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा फटीत सोडा आणि फेडर वर-खाली वीस-पंचवीस वेळा करा. पूर्ण वाळू द्या, मगच चालू करा. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल तेल, गंज काढायचा फवारा, यातलं काहीही घालू नका. तेल धूळ धरून ठेवतं आणि काही दिवसांत फेडर आधीपेक्षा जड आणि खरखरीत होतो. गंजाचा फवारा फेडरच्या आतलं मूळ वंगण धुऊन टाकतो.

कार्यक्रम संपला की मिक्सरवर स्वच्छ कापड टाका. गुलाल उधळायच्या आधी टाका, नंतर नको.

घुंऽऽ, ॲडॅप्टर आणि अर्थिंग

सगळे चॅनल फेडर खाली घ्या. घुंऽऽ तशीच राहिली तर ती कोणत्याही चॅनलची नाही. मेन आउटपुटची केबल, ॲम्प्लिफायर किंवा वीज तपासा. एका फेडरसोबत वाढत असेल तर त्या चॅनलला काय जोडलंय ते बघा. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढा. घुंऽऽ थांबली तर चार्जरवाटे अर्थिंगचा लूप होतोय. बॅटरीवर चालवा, किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अथवा डीआय बॉक्स लावा. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर ठेवा.

तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडून घुंऽऽ घालवायचा उपाय गावोगाव सांगितला जातो. तो करू नका. आवाज जातो, आणि त्याचबरोबर माईक धरणाऱ्याचं संरक्षणही जातं.

आपल्याकडे काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. मग तीच जोडणी, जी दिवाळीत नीट चालली, ती आखाजीच्या सुमारास घुंऽऽ करते. देवळाच्या किंवा शाळेच्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

छोट्या मिक्सरचा ॲडॅप्टर बिघडला की एक नाही, सगळी चॅनलं बिघडतात: आवाज फाटतो, फँटमचा दिवा मंद होतो किंवा मागे गुणगुण येते. दुसरा लावायचा असेल तर त्यावर लिहिलेलं व्होल्टेज, अँपिअर, पिनचा आकार हे सगळं जुळलं पाहिजे. अनेक छोट्या मिक्सरचे ॲडॅप्टर एसी आउटपुटचे असतात. तिथे मोबाईल किंवा राउटरचा डीसी ॲडॅप्टर "बसतोय" म्हणून लावू नका.

ऊनही बघा. भुसावळ, जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवलेला मिक्सर त्याहून तापतो. तासाभराने चॅनल जातं आणि थंड झाल्यावर परत येतं, असं होत असेल तर आत कुठेतरी सोल्डरला भेग आहे. सावलीत ठेवल्याने वेळ निभेल, पण दुरुस्ती करावीच लागेल.

इथे थांबा, माणूस बोलवा

माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो मिक्सरवाल्याचा विषय नाही, परवानाधारक वायरमनचा आहे. मेन स्विच बंद ठेवा. अर्थिंग तपासल्याशिवाय कोणाच्याही हातात माईक देऊ नका. थोडा शॉक आहे, चालतंय, असं म्हणून कीर्तन चालू ठेवू नका. फरशी ओली असेल आणि महाराज अनवाणी उभे असतील, तर तोच थोडा शॉक जीव घेऊ शकतो.

मंडपातले दिवे एकाएकी फार प्रखर किंवा मंद होत असतील, तर थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटलेला असू शकतो. मग 230 व्होल्टच्या जागी सॉकेटमध्ये 400 च्या दिशेने चढलेलं व्होल्टेज येतं आणि मिक्सर, ॲम्प्लिफायर सगळं एका क्षणात जळतं. लगेच सगळे प्लग काढा. जोडणी दुरुस्त होईपर्यंत काही लावू नका.

जळका वास, धूर, आत पाणी गेलेलं, फ्यूज बदलला की पुन्हा उडतो, यापैकी काहीही झालं तर मिक्सर उघडू नका आणि पुन्हा चालूही करू नका. ज्या मिक्सरला थेट 230 ची दोरी जाते त्याच्या पॉवर सप्लायमधल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ॲम्प्लिफायर आतच असलेल्या पॉवर्ड मिक्सरला हे जास्तच लागू होतं.

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही तेच चॅनल गप्प असेल, तर दोष आतला आहे: सॉकेटचं सोल्डर, प्लेटांमधली सपाट रिबन केबल, किंवा 4580 सारखी छोटी आयसी. सुटे भाग स्वस्त असतात, पण छोट्या मिक्सरची प्लेट काढायची म्हणजे सगळे नॉब आणि नट काढावे लागतात आणि बारीक सोल्डरिंगचा हात लागतो. घरच्या जाड कावीने प्रयत्न केला तर शेजारची चालू चॅनलंही जातात. जळगाव, धुळे, भुसावळला हे काम करणारे कारागीर आहेत. खर्च आधी विचारा. एकच चॅनल गेलं असेल आणि बाकीची पुरेशी असतील, तर त्यावर पट्टी चिकटवून "बंद" लिहा आणि सप्ताह पार पडू द्या.

मिक्सर द्यायला जाताना त्यावर चिठ्ठी चिकटवा: कोणतं चॅनल, काय होतं, थंड असताना की गरम झाल्यावर, थाप मारल्यावर येतो का, इन्सर्टमध्ये पिन घातल्यावर फरक पडतो का, कोणत्या चालू माईक आणि केबलने तपासलं. मिक्सरचा स्वतःचा ॲडॅप्टर सोबत द्या. तो घरी राहिला तर कारागीर दुसऱ्या ॲडॅप्टरवर तपासतो, त्याच्याकडे मिक्सर नीट चालतो, आणि दोष घरच्या ॲडॅप्टरमध्ये तसाच राहून जातो.